मर्यादेच्या थोडं वर

बजेट आलं की पुढच्या रविवारी सकाळी दादांच्या घरी जमायचं, हे नानांच्या वेळेपासून ठरलेलं. नाना गेले, रविवार काही गेला नाही. इतर घरांतली माणसं कुणाच्या लग्नाला नाहीतर कुणी आजारी पडलं म्हणून एकत्र येतात, ही मंडळी कराचे टप्पे बदलले की येतात. हसायचं तर खुशाल हसा, पण त्या रविवारी त्या घरात कुणी हसत नाही.

पद्धत दवाखान्यासारखी. सगळ्यांनी बाहेरच्या खोलीत बसायचं आणि एकेका घराच्या कमावत्या माणसाने पगाराची स्लिप घेऊन आतल्या छोट्या खोलीत जायचं, दार लावायचं. आत पूर्वी नाना बसायचे, आता दादा बसतात. दादा घरात थोरले आणि पेशाने करसल्लागार. यंदा तुमचं घर कुठल्या टप्प्यात बसतं, काय जपायचं, काय टाळायचं, ते दादा सांगणार. दुसऱ्याच्या ताटात किती वाढलंय ते कुणी बघू नये म्हणून दार लावायचं, असं नाना म्हणत. परिणाम असा की गेली तीस वर्षं सगळे फक्त तेवढंच बघत आलेत. आतून येणाऱ्याचं तोंड कसं आहे, स्लिप हातात आहे की घाईने खिशात गेली, यावरून हिशेब मांडायचे. त्यात धाकटी सून सगळ्यांत तरबेज. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की कुठल्या किमतीची फ्रेम काढायची ते तिला न सांगता कळायचं.

पण थोरल्या जावेपुढे तिची ही हुशारी काही कामाची नव्हती. थोरली कुठे आत जात होती? ती दादांची बायको, चहाचा ट्रे घेऊन सगळ्यांमधून फिरायची आणि धाकटीपाशी आली की हटकून सुस्कारा टाकायची. "काय करायचं बाई, आमचं निम्मं करातच जातं." दुसऱ्या बायका नवीन साडी दाखवतात, ही कर दाखवायची. धाकटी मान हलवून कप उचलायची आणि मनातल्या मनात जळून खाक व्हायची. घरी गेल्यावर आठवडाभर तिला स्वतःचे पडदे जुने दिसायचे, फ्रिजचा आवाज मोठा वाटायचा, नवऱ्याच्या शर्टाची कॉलर विरलेली दिसायची. ती विरलेली असायचीच, पण एरवी दिसत नसे.

यंदा मात्र ती वेगळ्याच अंगाने आली होती. बजेटमध्ये कराची मर्यादा चांगली ऐसपैस वर नेली होती. दुकानातल्या टीव्हीवर बातमी आली तेव्हा ती एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होती, आणि आजोबांना तसंच अर्ध्या चष्म्यात ठेवून ती बिलबुकाच्या मागच्या पानावर आकडे मांडायला लागली. नवरा खोक्यांच्या कारखान्यात कटिंग मशीनवर. शिफ्टचा इन्चार्ज हो, असं कारखाना त्याला तिसऱ्यांदा म्हणत होता. अकरा वर्षांपूर्वी त्याने नाही म्हटलं, तीन वर्षांपूर्वी नाही म्हटलं. दोन्ही वेळा कारण एकच, नानांचा नियम. मर्यादा ओलांडली की सगळ्या पगारावर वरच्या दराने कर बसतो, आणि वाढलेला पगार घरी आणताना आधीपेक्षा कमी भरतो. म्हणून मर्यादेच्या आत राहावं.

नानांचाही यात दोष नव्हता. त्यांच्या नोकरीत घरभाड्याची सवलत होती आणि पगार ठरावीक आकड्याच्या वर गेला की ती अख्खी जायची. त्यांची तशी गेली होती, अगदी किरकोळ वाढीपायी, आणि त्या वर्षी घरात दूध अर्धं झालं होतं. आईंना ते अजून आठवतं. दुधाने पोळलेल्या नानांनी मग ताकही फुंकून प्यायला सुरुवात केली, आणि मुलांनाही तसंच शिकवलं.

उद्या सोमवारी मॅनेजरला उत्तर द्यायचं होतं. धाकट्याला दोन महिन्यांनी पन्नास पूर्ण होणार, आणि पन्नाशीनंतर कारखाना कुणाला इन्चार्ज करत नाही. म्हणजे आता नाहीतर कधीच नाही. मर्यादा वर गेली, आता हा पगार आत बसेल, या आशेवर ती सकाळपासून होती. धाकटा उठून आत गेला आणि दार लागलं, तेव्हा तिने हातातला चहा न पिताच खाली ठेवला.

आत दादा टेबलाशी बसले होते. टेबलाच्या खणात त्यांचा स्वतःचा कागद होता, तो त्यांनी शुक्रवारीच भरून पाहिला होता. नव्या मर्यादेने त्यांना सरळ खाली सोडलं होतं. देय कर शून्य. सगळ्या गावाचा कर भरणारा माणूस स्वतः कर भरण्याइतकाही कमवत नव्हता. लोक आता फोनवरच आपापले फॉर्म भरायला लागले होते, जुनी गिऱ्हाइकं एकेक करून गळाली, दोन वर्षांपूर्वी कारकुनालाही जा म्हणावं लागलं. थोरलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती बाहेर निम्म्या कराचे सुस्कारे टाकत होती आणि दादा टाकू देत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

धाकट्याने स्लिप पुढे ठेवली, खाली इन्चार्जच्या पगाराचा आकडा पेनाने लिहिला. त्याच्या नखांत पुठ्ठ्याचा भुसा होता, तो रविवारीही जात नसे. दादांनी आकडा वाचला. तो आकडा नव्या मर्यादेच्या थोडा वर होता. आणि दादांच्या उत्पन्नाच्या बराच वर होता.

पोटात दुखणं म्हणतात ते दादांना नवीन नव्हतं. ते सहा वर्षांचे असताना हा जन्मला आणि त्या दिवसापासून नानांच्या मांडीवर हाच. शिकले दादा, पदवी दादांची, चारचौघांत नाव दादांचं, पण मशीन बिघडलं, नळ गळला, की नाना हाक धाकट्याला मारायचे आणि वर म्हणायचे, याच्या हाताला यश आहे. दादांच्या हाताविषयी ते कधी काही बोलले नाहीत. फक्त एक गोष्ट दादांची होती. ते वर होते, हा खाली होता.

"थोडं वर जातंय बघ," दादा म्हणाले. यात खोटं काही नव्हतं. वर जातंय म्हणून बिघडतं कुठे, हे मात्र ते बोलले नाहीत. गेल्या खेपेलाही बोलले नव्हते.

धाकट्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग बरं म्हणाला, स्लिप घडी करून खिशात ठेवली आणि उठला. इतक्या सहज उठला की दादांना बरं वाटण्याऐवजी उगाच चुटपुट लागली.

बाहेर येऊन त्याने बायकोला सांगितलं, यंदाही नको, थोडक्यासाठी जातंय. थोरलीने ते ऐकलं आणि चेहरा दुःखी करून म्हणाली, "बघा ना. पण भावोजी, तुम्ही आपले बरे आहात. या करापायी आमच्यासारखी झोप तर उडत नाही तुमची." जखमेवर मीठ चोळायचं तर असं, दोन चिमटींत. धाकटीने तेही गिळलं. बावीस वर्षांच्या संसारात तिने कितीदा तरी असं गिळलं होतं, आणि दरवेळी वाटायचं की हा शेवटचा घोट.

अक्का तेवढ्यात आली. अक्का ही मधली बहीण, दवाखान्यात नर्स, लग्न केलं नाही, एकटीचं घर. रात्रपाळी संपवून तशीच आली होती, पायात दवाखान्यातले पांढरे बूट. गेल्या वर्षी ती हेड नर्स झाली आणि मर्यादेच्या वर गेली, तेव्हा याच खोलीत सगळ्यांनी तिचं इतकं सांत्वन केलं होतं की कुणाला वाटावं हिची नोकरी सुटली. आज ती खुर्चीत बसली आणि आपणहून हसायला लागली. मग तिने जे सांगितलं ते असं.

हेड नर्स झाल्यापासून तिच्या हातात दर महिन्याला जास्त पगार पडत होता. नानांच्या नियमाने तो कमी पडायला हवा. तेव्हा अक्काने ठरवलं की दवाखान्याकडून चूक झालीय, जास्तीचे पैसे येतायत, आणि एक ना एक दिवस ते परत मागणार. तिने वेगळं खातं उघडलं आणि वर्षभर वाढीची सगळी रक्कम त्यात टाकली. एका पैशाला हात लावला नाही. गुडघ्याचा पट्टा घ्यायचा होता तोही घेतला नाही. शेवटी काल मनाला टोचायला लागलं म्हणून पगार विभागात जाऊन कबुली दिली, की बाबांनो, तुमचे पैसे माझ्याकडे आहेत, घेऊन टाका. तिथला कारकून आधी हसला, मग त्याने शेजारच्याला बोलावलं, मग तोही हसला.

"मग काय म्हणाले ते?" धाकटीने विचारलं.

"म्हणाले, बाई, मर्यादेच्या वर जेवढं जातं तेवढ्यावरच वरचा कर. खालचं होतं तसंच राहतं. पगार वाढला की घरी जास्तच येतं, कमी कधीच येत नाही." अक्काने बूट काढून पाय मोकळे केले. "मी वर्षभर पैशांची राखण करत बसले. मूर्खासारखी."

हसण्यासारखीच गोष्ट होती आणि आईही हसल्या. धाकटी हसली नाही. ती अक्काच्या पायांकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. तिने बोटांवर अकरा वर्षं मोजली. मुलाची शाळा बदलायची होती आणि बदलली नाही. दाढ भरायची सोडून काढून टाकली, कारण काढणं स्वस्त. दर उन्हाळ्यात कुठे तरी चार दिवस जायचं बोलणं व्हायचं, ते बोलण्यावरच राहिलं. आणि नवऱ्याला ऐकू कमी येत चाललं होतं, रोज त्या मशीनशेजारी आठ तास उभं राहून. इन्चार्जची खोली काचेची असते, आवाज येत नाही.

"दादा," तिने हाक मारली. मोठ्याने नाही मारली, पण दार उघडलं. "दादा, अक्का म्हणतायत ते खरं आहे?"

दादा दारात उभे राहिले. गावभर ज्यांचा सल्ला चालतो त्यांना हे माहीत नाही असं म्हणायची सोय नव्हती. ते म्हणाले, हो, नियम तसाच आहे, नेहमी तसाच होता.

"मग आत्ता यांना काय सांगितलंत?"

"थोडं वर जातंय एवढंच सांगितलं. मला कुणी पुढचं विचारलंच नाही."

आईंनी मान खाली घातली. थोरल्याचा हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. धाकटा पाळण्यात असताना एकदा पाळण्याची दोरी सुटली होती, आणि शेजारी बसलेला सहा वर्षांचा थोरला असाच म्हणाला होता, मला कुणी धर म्हणालंच नाही. आईंनी तेव्हा ते नानांना सांगितलं नाही. त्यानंतरही बरंच काही सांगितलं नाही. एका पोराची बाजू घेतली की दुसरं तुटतं, या भीतीने बाई पन्नास वर्षं मूग गिळून बसली होती.

थोरली मात्र नवऱ्याच्या मदतीला धावली. भावोजींना स्वतःचं स्वतःला कळू नये का, सगळं यांनीच सांगायचं का, फुकट फॉर्म भरून देतात हे काय कमी आहे, असं बरंच. बोलता बोलता तिने टोकच गाठलं. यांना काय गरज पडलीय तुम्हाला खाली ठेवायची, म्हणाली, तुमचं आमचं बरोबरी करण्यासारखं आहे तरी का.

"वहिनी, असू दे," धाकटा म्हणाला. "कुणी दादाला काही बोलू नका. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?" धाकटीने विचारलं.

तो बायकोकडे न बघता बोलायला लागला. तीन वर्षांपूर्वी कारखान्याच्या हिशेबनीसाने त्याला सगळं समजावलं होतं, कागदावर लिहून. त्या वर्षीच्या बजेटच्या रविवारी तो इथे आला होता आणि दादाला विचारलं होतं, घेऊ का. "तू काय सांगतोस ते बघायचं होतं. तू म्हणालास, नानांनी सांगितलंय तेच. मला कळलं, तुला नकोय. तुझा कारकून तेव्हा जायच्या बेतात होता. मला दिसत होतं रे सगळं. तुझ्या वर जाऊन तुझ्याच घरात तुझ्यासमोर मी कसा बसणार होतो? नको म्हटलं."

"आमच्या वर?" थोरली म्हणाली. "तुमच्या पगारात?"

मग दादाच म्हणाले, "गेला असता तो. तेव्हाच गेला असता. मला यंदा कर नाही. काहीच नाही."

थोरलीने ट्रे टेबलावर ठेवला. तिचे कान लालबुंद झाले होते, आणि आजवर टाकलेला एकेक सुस्कारा तिला बहुधा तिथेच आठवत असावा. दादांची अवस्था त्याहून वाईट. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपण याला खाली दाबून ठेवलंय. हा तर आपणहून वाकून बसला होता. धाकट्याने चिडून चार शिव्या घातल्या असत्या तर दादांनी त्या सुखाने ऐकल्या असत्या. पण याने दया केली होती, आणि केल्याचं तीन वर्षं दाखवलंही नव्हतं. यश असतं हाताला ते असं. दादांना त्या क्षणी भावाचा जितका हेवा वाटला तितका उभ्या आयुष्यात वाटला नव्हता.

"मला तुझी दया नको होती," ते म्हणाले.

"त्यांना नको होती ना?" धाकटी उठून उभी राहिली. "मग तुम्ही ती कुणाच्या जिवावर केलीत? दया त्यांच्यावर आणि काटकसर माझ्यावर. तीन वर्षं मी रोज विचारत होते, आपल्यालाच का जमत नाही. तुम्ही शेजारी झोपून ऐकत होतात."

"अगं, तो भाऊ आहे माझा."

"आणि मी?"

अक्का काही म्हणायला गेली, पण आईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला थांबवलं. धाकटीने थोरल्या जावेकडे पाहिलं. बावीस वर्षं जिला पाण्यात पाहिलं ती बाई आता रिकाम्या कपांकडे बघत उभी होती, आणि गंमत म्हणजे धाकटीला तिच्याविषयी काहीच वाटेना. आनंदही झाला नाही.

"वहिनी, मी तुमच्यावर फार जळले," ती म्हणाली. "उगाच जळले. तुमचा काही संबंध नव्हता. माझी सवत दुसरीच होती." आणि तिने दादांकडे बोट केलं नाही, पण सगळ्यांनी तिकडेच पाहिलं.

धाकट्याने तोंडावरून हात फिरवला. उद्या सकाळी साहेब विचारतील, तो म्हणाला. आवाजात काकुळती होती. आणि हे म्हणत असताना त्याची नजर सवयीने वळली, बायकोवरून घसरून दाराकडे, दादा उभे होते तिथे. आताही. इतकं सगळं होऊनही.

दादांना ती नजर कळली. घे म्हणायला एक शब्द लागत होता. तो त्यांच्या ओठांवर आलाही, पण त्याआधी धाकटी मध्ये येऊन उभी राहिली, अशी की नवऱ्याला तिच्यापलीकडचं काही दिसू नये.

"त्यांना विचारू नका," ती म्हणाली. "मला विचारा."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. भाऊ, बहीण, आई सगळ्यांसमोर बायकोला विचारायचं, हे त्याने कधी केलं नव्हतं, आणि ते त्याला किती अवघड जातंय हे त्याच्या मानेवरच्या शिरेवरून दिसत होतं. शेवटी तो म्हणाला, "घेऊ का?"

उत्तर तिला अकरा वर्षांपासून पाठ होतं. ते तिने लगेच दिलं नाही. तो दादांकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत उभा होता, आणि तिला तो अजून थोडा वेळ तसाच हवा होता.